स्पीकर ठरत आलेत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

स्पीकर ठरत आलेत, पैसे अजून दिले नाहीत. "गाण्याच्या खोक्यांना एवढे?" हे आई फोनवर म्हणाली ते लक्षात आहे.

पुण्यात तीन जोड्या ऐकल्या: हार्बेथ, क्लिप्श आणि केईएफ. दुकानदाराने आधी हार्बेथचे छोटे पी-थ्री लावले आणि आवाजाचं बटण तसंच ठेवून क्लिप्श हेरेसी. खोली दणाणली! दणाणणारच. हेरेसीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत किती मोठा आवाज निघतो ते माप, 99 डेसिबल, हार्बेथची 83 च्या आसपास; तेवढाच आवाज काढायला हार्बेथला जवळपास चाळीसपट वॅट लागतात. आणि मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. मग मोबाइलवर मोजून तिन्हींचा आवाज सारखा करायला लावला. दुकानदार जरा हिरमुसला.

त्यानंतर मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. केईएफ एलएस-50 मेटामध्ये ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा पडदा) वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या पडद्याच्या) मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे गळा नेमका एका जागेवरून येतो. पण जुन्या रेकॉर्डिंगची खरखरही तितकीच स्वच्छ येते, बाबा दहा मिनिटांत उठतील. हार्बेथवर मात्र तान संपवून मन्सूरांनी घेतलेला श्वास ऐकू आला. या हार्बेथचं मूळ बीबीसीच्या एलएस 3/5ए या स्पीकरमध्ये आहे. 1970 च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी तो बनवला होता. बाबांसारख्या आकाशवाणीवाल्या माणसाला हे आवडेल. डग्ग्याचा घुमारा कमी पडतो, हे खरं. पण आपल्याकडे ऐकतात गळा. माझं मत हार्बेथलाच.

खरी काळजी आपल्या हॉलची आहे. खाली शहाबादी फरशी, समोर काचेचं शोकेस. आई, हॉलच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजव आणि मागे झण्ण उरतं का ते सांग. उरत असेल तर फरशीवर सतरंजी आणि भिंतीवर आपली जाड सोलापुरी चादर. पाहुणे हसले तर हसू देत. चादरीने बासची गुणगुण जात नाही आणि कोपऱ्यात ती वाढते, म्हणून स्पीकर कोपऱ्यात ठेवायचे नाहीत.

बाबा, टेप घेऊन दोन मापं कळवा: तुमच्या खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून किती उंच येतो, आणि खुर्चीपासून समोरची भिंत किती लांब. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा, स्टँड त्या मापाने घेईन. ऐकण्यासाठी जोडी दोन दिवस घरी न्यायला दुकानदार तयार आहे. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने घेऊन येते, जेवायला थांबू नका.

तुमची,
लेक