मावशी, त्या रात्रीचे आभार राहूनच गेले

मावशी,

तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानावेत असं वाटलं, म्हणून उघडच लिहितोय.

आमच्या डुकरिणीला १२ ऑगस्टला नर दाखवला होता. गाभणकाळाचे ११४ दिवस मोजून कॅलेंडरवर ४ डिसेंबरला खूण केली. मला मोजणं तेवढं येत होतं! त्या संध्याकाळी आमची ही पांढरी, यॉर्कशायर जातीची, तोंडाने पाचट ओढून कोपऱ्यात ढीग करायला लागली, सड दाबला तर चीक आला. पहिलं वेत तिचंही आणि माझंही. दहाच्या सुमारास पहिलं पिल्लू आलं, मग पंधरा-वीस मिनिटांनी एकेक करत आणखी पाच. आणि मग काहीच नाही. ती कळा देतेय, पाय ताणतेय, सव्वा तास उलटला. डॉक्टरांचा फोन लागेना. एका मित्राने फोनवर सांगितलं, ऑक्सिटोसिन टोच, म्हणजे कळा वाढवणारी सुई. मी सिरिंज भरलीसुद्धा.

शेजारच्या पोराने तुम्हाला गाडीवर घालून आणलं आणि तुम्ही दारातूनच ओरडलात, “सुई ठेव खाली! आदी वाट मोकळी हाय का बगू दे.”

मग नेलकटर मागितलंत. रात्री पाऊण वाजता नखं कापत बसलात, तेव्हा खरं सांगतो, मला राग आला होता. साबणाने कोपरापर्यंत हात धुतलात, गोडेतेल चोळलंत. तुमचा तो बारीक हात आत गेला आणि तुम्ही डोळे मिटलेत. पिल्लू आडवं आलं होतं. “कळ आली की वडायचं, कळ थांबली की थांबायचं,” असं तुम्ही मला की तिला सांगत होतात कोण जाणे. ते पिल्लू मेलेलंच निघालं. पण त्याच्यामागे चार जिवंत आली. एक श्वास घेईना, त्याच्या नाकातला चिकटा पुसून गवताची काडी घातलीत, गोणपाटाने खसाखसा चोळलंत, तेव्हा कुठे ते किंचाळलं.

वाट अडलेली असताना सुई दिली असती तर गर्भपिशवी फाटायची भीती होती, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं.

ती पिल्लाला चावायला गेल्यावर तुम्ही सगळी पाटीत घालून बल्बखाली ठेवलीत, ती शांत झाल्यावर एकेक लावलीत, बारकी पुढच्या सडांना. वार पडेपर्यंत हलला नाहीत. चार वाजता वार खड्ड्यात पुरून मगच चहा घेतलात.

पिल्लं तिच्याखाली चेंगरू नयेत म्हणून भिंतीलगत वीतभर उंचीवर बांबू बांधायला सांगितला होतात. तीन बाजूंना बांधला, चौथी उद्यावर टाकली. दुसऱ्या रात्री त्याच बाजूला एक पिल्लू तिच्या अंगाखाली गेलं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून इथे कबूल करतोय.

उरलेली नऊ दीड महिन्याची झाली. पैसे तुम्ही घेतले नाहीत. पिल्लू घ्या म्हटलं तर म्हणालात, “पांढरं नगं बाबा, उनानं भाजतंय. आमची काळीच बरी.” तरी एक मादी तुमच्यासाठी बाजूला काढलीय. रविवारी घेऊन येतो, सोबत दोन भारे पाचट आणि चार बांबू. सावली मीच करून देईन, चारही बाजूंनी.