अ‍ॅलर्जीचं खापर कुणावर फोडायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या फूड अ‍ॅलर्जीवर तुमच्याकडे आलेली पत्रं वाचली. एक काका म्हणतात आम्ही मातीत लोळलो म्हणून धडधाकट राहिलो, दुसऱ्यांना हायब्रिड गहू दोषी वाटतो आणि एका ताईंनी तर सगळं खापर लसींवर फोडलंय. मी ऐरोलीत पाळणाघर चालवते, हा विषय माझ्याकडे रोज डब्यातनं येतो, म्हणून लिहितेय.

मातीवाल्या काकांचं अगदीच चुकीचं नाही. १९८९ मध्ये स्ट्रॅचन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने म्हटलं होतं की ज्या घरात भावंडं जास्त तिथे 'हे फीवर' (परागकणांमुळे नाक गळतं, शिंका येतात ती अ‍ॅलर्जी) कमी, बहुतेक लहानपणी एकमेकांची इन्फेक्शन्स लागत असतील म्हणून. पण ते नाक गळण्याबद्दल होतं, खाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल नाही, आणि त्यावरून पोरांचे हात धुवायचे बंद केले तर अ‍ॅलर्जी राहील बाजूला, जुलाब मात्र नक्की होतील. लसींमुळे खाण्याची अ‍ॅलर्जी होते असं काही अभ्यासात दिसलेलं नाही, ते सोडून द्या.

मला पटलं ते वेगळंच. लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांच्या टीमने ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली, तर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ब्रिटनमध्ये जवळपास दहापट निघाली. इस्रायलमध्ये बाळं वर्षाची व्हायच्या आतच बाम्बा नावाचे दाण्याचे कुरकुरे खातात आणि ब्रिटनमध्ये तेव्हा बाळांना दाणे द्यायचेच नाहीत अशी पद्धत. मग त्यांनी जोरदार एक्झिमा (कातडी कोरडी, लाल होऊन खाजत राहते तो त्रास) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेऊन ट्रायल केली, २०१५ ला निकाल आला, ज्यांना लहानपणापासून दाणे खायला घातले त्यांच्यात पाच वर्षांपर्यंत अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी! ज्या अमेरिकेत २००० साली जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे नको असं सांगत होते, तिथेच २०१७ मध्ये लवकर द्या असा सल्ला आला. (अख्खा दाणा नाही हं, घशात अडकतो. बारीक कूट पेजेत कालवून. आणि बाळाला जोरदार एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.)

लॅक यांचं म्हणणं असं की पदार्थ तोंडावाटे पोटात गेला तर शरीर त्याला आपलं मानतं, पण तोच आधी फाटलेल्या कातडीतून आत शिरला तर शत्रू ठरतो. हे वाचल्यापासून मला आपल्याकडची मालिश खटकायला लागलीय. माझ्याकडच्या एका बाळाच्या कोपराच्या घडीत कातडी लालभडक, चिरा पडलेल्या, आणि घरी मालिशवाल्या बाई त्यावरच रोज डाळीचं पीठ आणि साय चोळायच्या, 'लव जाते' म्हणून. चांगल्या कातडीला ठीक असेल, पण एक्झिमाच्या कातडीवर खायच्या वस्तू कशाला चोळायच्या?

आणि निम्म्या वेळा ती अ‍ॅलर्जी नसतेच. 'दुधाची अ‍ॅलर्जी' लिहून आलेलं पोर दही मिटक्या मारत खातं, दूध प्यायलं की पोट फुगतं, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचत नाही एवढंच. खरी अ‍ॅलर्जी मी एका वाढदिवसाला बघितली, काजूकतलीचा तुकडा खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांध्या, मग खोकला सुरू, रिक्षाने तसंच हॉस्पिटलला पळवलं आणि मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर पोर सावरलं. त्याला काजू म्हणजे काजू बंद, तिथे आजीचं 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय' अजिबात चालत नाही.

बाकीच्यांचं मात्र रक्ताच्या रिपोर्टवरून चाललंय. बंगळुरू-म्हैसूरकडच्या मोठ्या माणसांच्या पाहणीत साधारण चौघांतल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाच्या अँटीबॉडीज होत्या, पण खाऊन खरंच त्रास होणारे अगदी थोडे. आणि दोनशे पदार्थांची जी पॅकेजं विकतात त्यातल्या बऱ्याच आयजीजी (वेगळ्याच प्रकारच्या अँटीबॉडीज) टेस्ट असतात, त्यात फक्त पोराने काय खाल्लंय ते दिसतं, अ‍ॅलर्जी नाही. तसला रिपोर्ट घेऊन एक आई आली, गहू बंद, अंडं बंद, दही बंद, डब्यात रोज नुसता मऊभात, आणि पोराच्या खांद्यांची हाडं हाताला लागायला लागलेली.

तेव्हा संपादकसाहेब, एखाद्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या. आणि ती पत्रं छापलीत त्याच पानावर खाली असल्याच टेस्टची अर्धा पान जाहिरात होती, तेवढं जरा बघा.

आपली,
एक पाळणाघरवाली, ऐरोली