काचेची भिंत इथेच राहू द्या

कोपनहेगन

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, संस्थेच्या बैठकीत फिरलेले फोटो मिळाले. ती चमचमणारी निळी-हिरवी इमारत म्हणजे इथल्या नॉर्डहाव्न बंदरातली कोपनहेगन इंटरनॅशनल स्कूल. 2017 मध्ये शाळा तिथे गेली; आराखडा सी. एफ. म्योलर या वास्तुरचना कार्यालयाचा. पुण्याजवळ पौडच्या जागेवर बांधायच्या शाळेला अशीच भिंत हवी असा विश्वस्तांचा आग्रह असेल, तर माझं मत सरळ सांगते: भिंत इथेच राहू द्या, आतली मांडणी घ्या.

त्या भिंतीवर सुमारे 12,000 सौर पॅनेल आहेत, मिळून 6,048 चौरस मीटर. म्हणजे एकेक पॅनेल साधारण 70 सेंटिमीटर चौरस. शेजारशेजारची पॅनेल किंचित वेगळ्या कोनांत बसवलीत, म्हणून ती चमक. काचेत रंगद्रव्य नाही. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा, पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशाचा तो रंग. वर्षाला अंदाजे 3 लाख युनिट, शाळेच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. ऐकायला भरघोस वाटतं, पण भागून बघा: चौरस मीटरमागे जेमतेम 50 युनिट. तरी इथे हे पटतं, कारण डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 11 अंशच वर येतो आणि जूनमध्येही 58च्या पुढे जात नाही. उभ्या भिंतीला ऊन मिळतं. पुण्यात डिसेंबरात तो 48 अंशांवर, मे-जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. आपल्याकडे छतावर 1 किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला 1,400 युनिट सुटतात. त्याच 3 लाख युनिटना सुमारे 215 किलोवॉट, म्हणजे 2,150 चौरस मीटर छत पुरेल. शिवाय छतावरची धूळ शिपाई पाइप लावून धुऊ शकतो; सात मजली भिंतीवरची एप्रिलमधली धूळ कोण पुसणार?

घ्यायचं ते पुढे. 1,200 मुलांची ही शाळा एका लांबलचक इमारतीत कोंबलेली नाही. वयोगटांप्रमाणे पाच ते सात मजल्यांचे चार भाग, आणि खाली सगळ्यांना जोडणारा एक पसरट तळमजला: खेळाचे हॉल, कॅन्टीन, ग्रंथालय, रंगमंच. लहानांचे वर्ग मोठे, कारण त्यांचं सगळं वर्गातच चालतं. मोठ्यांचे वर्ग एका सामाईक जागेभोवती. तळमजल्याचं छत हेच खेळाचं अंगण, त्यामुळे मुलं बंदराच्या धक्क्यालगतच्या पाण्यापासून लांब राहतात.

ही गच्चीवरच्या अंगणाची कल्पना मोहात पाडते, आणि पौडच्या पावसात नेमकी तीच गळते. करायचीच असेल तर उतार किमान 1:100, 100 मिलिमीटरच्या एका पाइपवर 40 चौरस मीटरहून जास्त छत नको, आणि पाइपांची तोंडं दर पावसाळ्याआधी साफ. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी 72 तास पाणी साठवून खालून स्लॅब बघायचा. गळती बहुधा मधे नसते. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात असते, म्हणून तिथला वाटा (कोपऱ्यात भरलेला सिमेंटचा पट्टा) गोल आणि भरीव हवा. ठेकेदाराला घाई असते ती नेमकी याच टप्प्यावर. कठडा 1.2 मीटर, गज उभे, मधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी. आडवे गज म्हणजे मुलांना शिडीच.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. इथे वाहनं उजवीकडून चालतात, बसचं दार उजवीकडे. इथला नकाशा जसाच्या तसा उचलला तर आपली मुलं रहदारीच्या बाजूला उतरतील. शाळेची पायरी बसच्या डाव्या हाताला आलीच पाहिजे, आणि 12 मीटरची बस मागे न घेता वळायला बाहेरची त्रिज्या किमान 12.5 मीटर धरा. फाटकातून बस आणि चालत येणारी मुलं वेगळी.

जिने: नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे शाळेत रुंदी किमान 1.5 मीटर, पायरी 30 सेंटिमीटर रुंद, 15 उंच. दोन जिने शेजारी-शेजारी काढून "दोन दिलेत" म्हणणारे नकाशे येतात, ते परत पाठवा. धूर आला तर दोन्ही एकदम बंद. कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या आगीत 94 मुलं गेली. जिन्याचं दार कुलूपबंद ठेवायची सवय कुठल्याही शाळेत दिसली तर तिथेच बोला.

आई, तू विचारलंस की वर्गात इतका गोंगाट का होतो. गुळगुळीत फरशी, उघडा स्लॅब, काच. आवाज जिरायला जागाच नाही. रिकाम्या वर्गात टाळी वाजवून बघ, नाद रेंगाळला तर बाईंचा घसा बसणारच. वर्गात आवाज विरायला 0.6 सेकंदाहून जास्त लागू नये. इथे छताला लाकूडतंतू आणि सिमेंटच्या पाट्या सर्रास लावतात, तेवढ्यानंच बराच फरक पडतो. पंखे, वायरिंग आणि या पाट्या एकाच नकाशात आखून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियन नंतर पाट्या कापत बसतो. बालवर्गात बेसिनची कड 50 ते 55 सेंटिमीटरवर आणि संडास वर्गाला लागूनच हवा.

विश्वस्तांना परदेशी फोटोंपेक्षा आधी तुमच्याच परिसरातलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज दाखवून आणा. 1997 ला सुरू झालं, ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं काम: काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरं, मधे चौक. तेही आंतरराष्ट्रीयच.

आर्किटेक्टकडून जागेचा चढउताराचा नकाशा आणि पहिला आराखडा आला की स्कॅन करून पाठवा. मी आधी बसची बाजू आणि जिन्यांच्या जागा बघेन. भिंतीच्या रंगावर तोवर मतदान घेऊ नका.

तुमची,
धाकटी