मूल्यांककाचे प्रमाणपत्र चालू आहे का, ते अहवालावरच दिसू द्या

संपादक महोदय,

मालमत्तेची किंमत ठरवणारा मूल्यांकन अहवाल हाती आला की बहुतेक जण शेवटच्या पानावरची रक्कम आधी पाहतात. आमचे कळकळीचे सांगणे, आधी शिक्का पाहा. त्यावर आयबीबीआयचा (मूल्यांककांची नोंदणी करणाऱ्या भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाचा) नोंदणी क्रमांक असतो आणि त्यातच नोंदणीचे वर्ष असते, समजा 2019. ही नोंदणी रद्द होईपर्यंत टिकते. प्रत्यक्ष काम करण्याची मुभा देणारे ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ मात्र मूल्यांकक ज्या संस्थेचा सभासद आहे ती संस्था देते आणि बऱ्याच संस्थांत त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. वर्गणी थकली किंवा प्रशिक्षणाचे तास भरले नाहीत तर ते अडते. शिक्क्यावरचा क्रमांक बदलत नाही, त्यामुळे बाहेरच्याला काहीच कळत नाही.

घोळ होतो तो तारखांत. जागेची पाहणी 27 मार्चची, प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चपर्यंत आणि अहवालावर सही 4 एप्रिलची. कंपनी (नोंदणीकृत मूल्यांकक व मूल्यांकन) नियम, 2017 प्रमाणे अहवालात नेमणुकीची, मूल्यांकनाची आणि अहवालाची तारीख द्यावी लागते. प्रमाणपत्राची मुदत त्या यादीत नाही. वाद उभा राहिला की समोरचा वकील नेमके तेच विचारतो आणि महिनाभराची मेहनत अडचणीत येते.

दुसरी चूक मालमत्तेच्या वर्गाची. जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे तीन वर्ग आहेत. जमीन-इमारतीच्या मूल्यांककाने चाकणच्या शेडबरोबर आतल्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राचीही किंमत घातली, तर तो नियमभंग ठरतो. पाटीवरच्या ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्हड व्हॅल्युअर’वरही विसंबू नये. ती नोंदणी सहसा संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबी खालची असते. कंपनी कायद्याच्या कलम 247 खाली करायच्या मूल्यांकनाला ती चालत नाही.

म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर प्रमाणपत्राचा क्रमांक, वर्ग आणि ‘या तारखेपर्यंत वैध’ अशी ओळ सक्तीची करावी. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी. संस्थांनी आपल्या संकेतस्थळावरच्या यादीत मुदत संपल्याची नोंद त्याच दिवशी करावी. मूल्यांककाला प्रत्येक कामाचे कागद किमान 3 वर्षे जपावेच लागतात, त्याच फाइलीत त्या वर्षीचे प्रमाणपत्रही ठेवावे.

आपले,
काही नोंदणीकृत मूल्यांकक (जमीन व इमारत), पुणे