काखेतली अवधाण आणि मांजराची पिल्लं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कॅट स्क्रॅच डिसीज, म्हणजे मांजराच्या ओरखड्यातून जंतू शिरून काखेत किंवा मानेला गाठ (अवधाण) येण्याचा आजार, लोकांत किती असतो आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला किती रोगी धरावेत, असं तू विचारलंस. आकडे देतो. पण प्रत्येक आकडा कुणी, कुठून मोजला तेही सोबत वाच, कारण या आजारात मोजायची रीत बदलली की उत्तर सहज दुप्पट होतं.

सर्वांत मोठी मोजणी अमेरिकेची. तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००५ ते २०१३ या वर्षांतले आरोग्यविम्याचे दावे चाळले. दर लाख लोकांमागे वर्षाला ४.५ बाह्यरुग्ण आणि ०.१९ दाखल रुग्ण निघाले. देशभराचा हिशेब सुमारे १२,००० बाह्यरुग्ण आणि ५०० दाखल. दक्षिणेकडच्या राज्यांत दर लाखी ६.४, तर ५ ते ९ वर्षांच्या मुलांत ९.४. आता त्याच देशाचा १९९३ साली छापलेला जुना अंदाज बघ: दर लाखी ९.३, वर्षाला २२,००० रोगी. यावरून मधल्या काळात आजार निम्म्यावर आला असं म्हणायला मी धजणार नाही. दोन्ही वेळी माहितीचा स्रोत वेगळा होता. विम्याच्या अभ्यासात ६५ वर्षांवरचे लोक नव्हते, विमा नसलेलेही नव्हते. शिवाय निदान म्हणजे फक्त दाव्यावरचा आजाराचा कोड, ०७८.३. नुसता ओरखडा दाखवायला आलेल्यालाही घाईगर्दीत तोच कोड लागू शकतो आणि खरी अवधाण असलेला 'लिंफ नोड सूज' म्हणून दुसऱ्याच कोडाखाली जाऊ शकतो.

मला जास्त भरवशाचं वाटतं ते कनेक्टिकट राज्याचं काम. तिथे १९९२-९३ मध्ये राज्यभरच्या डॉक्टरांकडून रोगी गोळा केले. २४६ रोगी, दर लाखी ३.७, आणि दहा वर्षांखालच्या मुलांत ९.३. स्रोत निराळा असूनही लहान मुलांचा आकडा विम्याच्या अभ्यासाशी जवळजवळ जुळतो, म्हणून त्यावर माझा विश्वास बसतो. तिथल्याच तुलनेत धोका कुणाला तेही स्पष्ट झालं: घरात वर्षाच्या आतलं पिल्लू, त्याने बोचकारलेलं किंवा चावलेलं, आणि पिल्लाच्या अंगावर पिसवा.

पिसवांपाशी जरा थांब, कारण प्रदेशाप्रदेशातला फरक बराचसा तिथूनच येतो. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजराच्या रक्तात महिनोन् महिने राहतो आणि मांजर बहुधा ठणठणीत दिसतं. एका मांजरातून दुसऱ्यात तो नेते पिसू. पिसवेची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसाच्या कातडीत उतरते. पिसवा नसतील तर एकत्र ठेवलेल्या मांजरांतही तो पसरत नाही, हे प्रयोगातून दिसलेलं आहे. म्हणून १९९५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मांजरांचं रक्त तपासलं तेव्हा दमट आग्नेय भागात सुमारे ५५ टक्के आणि हवाईत ४७ टक्के मांजरांत प्रतिपिंडं सापडली, तर कोरड्या रॉकी पर्वताच्या पट्ट्यात ४ टक्क्यांच्या आत आणि अलास्कात ५ टक्के. तुझ्या कोकणाची हवा कुठल्या गटात बसते ते मी सांगायला नको.

तरीही अमेरिकेचा दर उचलून रत्नागिरीला चिकटवू नकोस. २०११ च्या जनगणनेत जिल्हा साधारण १६ लाखांचा. ४.५ ने ७२ रोगी होतात, ६.४ ने १०२. हे फक्त मापाला घे. आपल्याकडे मांजर पाळायची तऱ्हा निराळी, ते घराबाहेर जास्त, आणि मुलांच्या अंथरुणात झोपणारी पिल्लं किती घरांत असतात यावर सगळं बदलेल. यातले दोन जरी वर्षभरात तुझ्याकडे येत असतील तर ते आज कुठल्या नावाने नोंदले जातात, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर: बरेचसे क्षयरोग म्हणून. काखेत किंवा मानेला गाठ, सुईने नमुना घेतला, ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा पुंजका) दिसला, एएफबी (क्षयाचे जंतू दाखवणारी रंगतपासणी) निगेटिव्ह, तरी एकेटी (क्षयाची औषधं) सुरू. कॅट स्क्रॅचची गाठ औषधाशिवायही बहुधा दोन ते चार महिन्यांत बसते. ती बसली की श्रेय एकेटीला जातं आणि निदान पक्कं झालं असं सगळे धरून चालतात. यात कुणाची हयगय नाही. आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की आधी तोच शोधायला हवा, सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) आधीच व्हायला हवी. पण ती निगेटिव्ह आली, पॅथॉलॉजिस्टने ग्रॅन्युलोमाच्या मधोमध चांदणीच्या आकाराचा पू लिहिला, आणि गाठ एकाच बाजूला असली, तर त्याच बाजूचा हात उजेडात नीट बघ. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. ओरखड्यानंतर ३ ते १० दिवसांनी तिथे बारीक लाल पुळी येते आणि गाठ येते एक ते तीन आठवड्यांनी. तोवर घरचे ओरखडा विसरलेले असतात. म्हणून 'मांजर चावलं का?' एवढंच विचारून भागत नाही. 'घरात, शेजारी, शाळेत कुठे पिल्लू आहे का?' असं विचार.

सीरमची आयएफए (या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी) तपासणी मिळाली तर आयजीजी प्रतिपिंडांचं प्रमाण १:६४ च्या खाली असताना शक्यता कमी, १:२५६ च्या वर असताना बरीच दाट. मधला आकडा आला तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा. आणि सरसकट सगळ्यांची तपासणी लावू नकोस. कनेक्टिकटमध्ये ४५ पैकी ३८ रोगी पॉझिटिव्ह आले, पण तुलनेसाठी घेतलेल्या ११२ पैकी ४ जणही आले. त्या हिशेबाने हजार जण तपासलेस आणि त्यात खरे रोगी दहा असले, तर आठ-नऊ खरे सापडतील आणि पस्तीसेक खोटे. गाठ आहे, क्षयरोग नाही, पिल्लाचा संबंध आहे, अशांनाच तपास. नेत्रतज्ज्ञालाही सांगून ठेव: अचानक एका डोळ्याची दृष्टी मंद, डोळ्याच्या पडद्यावर मॅक्युलाभोवती (पडद्याच्या मध्यबिंदूभोवती) तारा आणि ऑप्टिक डिस्कला (दृष्टिचेतेच्या टोकाला) सूज, असा रोगी आला तर तुला फोन करावा. भारतात नेत्ररुग्णालयांनी असे रोगी नोंदवलेले आहेत.

पिसवांची परीक्षा घरीच होते. उवांच्या बारीक फणीने पिल्लाची पाठ आणि शेपटीचं मूळ विंचरायचं. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकायचे. मिनिटाभरात कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर रंग सुटत नाही. पिसवांचं औषध मांजराच्या वजनाप्रमाणे पशुवैद्याकडून घ्यायला सांग. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला कधीही लावायचं नाही, ते जिवावर बेततं. अंडी जमिनीवर आणि अंथरुणात पडतात, तेव्हा तेही धुवायला हवं. मांजर सोडून देण्याची गरज नाही, हे घरच्यांना आवर्जून सांग.

गाठीत पू झाला तर चिरू नकोस, जखम वाहती राहते, सुईने काढ. प्रकृती चांगली असेल तर बहुतेकांना वाट बघणंच पुरतं. अझिथ्रोमायसिनने पहिल्या महिन्यात गाठ लवकर लहान होते, त्यापलीकडे फार आशा ठेवू नये. एचआयव्ही असलेल्यांना किंवा हृदयाच्या झडपेचा दोष असलेल्यांना मात्र हा नियम लावू नकोस. त्यांना लगेच पुढे पाठव.

वही घालणार असशील तर प्रत्येक गाठीच्या रोग्याचं वय, गाव, गाठीची बाजू, पिल्लाशी संबंध, सीबीनॅटचा निकाल, महिना, आणि तीन महिन्यांनी गाठीचं काय झालं, एवढं लिही. महिना विसरू नकोस. अमेरिकेत सर्वाधिक रोगी जानेवारीत निघतात. कोकणात पावसाळ्यानंतर काय होतं, ते वहीतूनच कळेल. आणि दर काढताना भाजक म्हणून तुझी ओपीडी घेऊ नकोस, ज्या गावांतून रोगी येतात त्यांची लोकसंख्या घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश