‘काकू, माफ करा’

तरणतलावावरील जीवरक्षकांस,
सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या मुलाहूनही लहान असाल. तरीही या पत्रात मी तुम्हाला ‘तुम्ही’ असेच संबोधणार आहे. कोजागरीच्या रात्री आमच्या संकुलाच्या अंगणात माझी पत्नी दुधाचे पेले भरता भरता कोसळली आणि आरडाओरडा ऐकून तुम्ही कुंपणापलीकडून धावत आलात, त्याला आता सात आठवडे झाले. ती घरी आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असूनही ओट्यापाशी जाऊन उभी राहते आणि मी रागावलो की हसते. मात्र रात्री जाग आली की मी अजूनही तिच्या श्वासाचा कानोसा घेतो, आणि तुमचे साधे आभारही आपण नीट मानलेले नाहीत, हे त्या अंधारात मनाला लागून राहते.

तुम्ही येण्यापूर्वीची ती दोन-अडीच मिनिटे मला विसरता येत नाहीत. भोवती पन्नासेक माणसे होती. एकाने तोंडावर पाणी मारले, दुसऱ्याने चप्पल हुंगवायला सांगितले, कोणी साखर आणायला पळाले, आणि दोघे-तिघे मोबाइल उंच धरून उभे होते. ‘श्वास चालू आहे, श्वास चालू आहे,’ असे मीही म्हणत होतो, कारण ती मधूनच तोंड उघडून हवा ओढत होती. तुम्ही वाकून पाहिलेत आणि म्हणालात, ‘हा श्वास नाही, हे आचके आहेत.’ हृदय बंद पडल्यावरही काही काळ असे आचके लागतात आणि भलेभले त्यालाच श्वास समजून वाट पाहत बसतात, हे मला पुढे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसल्यावर समजले.

इतरांना नावे ठेवताना माझे स्वतःचे नाव गाळणे बरे दिसणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत आमच्याच इमारतीतील एका तरुण डॉक्टरबाईंनी शॉक देणारे यंत्र विकत घेण्याचा आणि सर्वांना सीपीआर शिकवण्याचा विषय मांडला होता. त्या दिवशी फाटकाच्या रंगावर आम्ही पाऊण तास वाद घातला आणि या विषयापुढे ‘पुढील सभेत विचार करावा’ अशी नोंद केली. ती नोंद खजिनदार या नात्याने माझ्याच हस्ताक्षरात आहे. छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची ही पद्धत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी जगापुढे मांडली. तेव्हा मी रांगत होतो. तेव्हापासून आजवर ती शिकून घ्यायला मला एक दुपार मोकळी मिळाली नाही.

तुम्ही मात्र आल्याबरोबर एकाला १०८ क्रमांक लावायला सांगितलेत, सोबत्याला तलावावरचे यंत्र आणायला पिटाळलेत आणि गुडघ्यांवर बसून दाबायला सुरुवात केलीत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी छाती किमान ५ सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबायचे असते, हे आज मला ठाऊक आहे. त्या रात्री मला फक्त बरगडीचा कट्कन झालेला आवाज ऐकू आला आणि मी ‘थांबा’ म्हणून ओरडलो. तुम्ही न थांबता म्हणालात, ‘काका, बरगडी सांधता येते.’

यंत्र आले, आणि ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे तो क्षण आला. पट्ट्या उघड्या त्वचेवरच चिकटवाव्या लागतात. पुरुष माना वळवू लागले, बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मागून कोणीतरी ‘परक्या मुलाने असे…’ इतके पुटपुटलेही. तुम्ही दोन मुलींना ओढण्या धरून पाठमोऱ्या उभ्या राहायला सांगितलेत, मंगळसूत्र न तोडता एका खांद्याकडे सरकवलेत, आणि कात्री लावण्यापूर्वी तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणालात, ‘काकू, माफ करा, ब्लाऊज कापावा लागतोय.’

तिला काही ऐकू येणे शक्यच नव्हते. नाडी नव्हती. एक सेकंदही दवडण्यासारखा नव्हता, आणि तुम्ही दवडलाही नाहीत, कारण बोलत असताना तुमचे हात चाललेच होते. पण त्या अंगणात तोवर आम्ही सगळे तिच्याविषयी बोलत होतो. तिच्याशी बोलणारे तुम्ही पहिले होतात. भर रस्त्यात कोसळलेल्या स्त्रीला अनोळखी माणसाकडून सीपीआर मिळण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असल्याचे परदेशांतील अभ्यासांत आढळले आहे, असे तिच्या डॉक्टरांनी मला सांगितले. हात लावावा की नाही, या संकोचात वेळ जातो. आम्हीही त्या संकोचालाच मर्यादा समजत होतो. खरी मर्यादा तुमच्या त्या एका वाक्यात होती, आणि ती पाळूनही तुमचा हात कचरला नाही.

पुढचे फार लिहीत नाही. यंत्राने स्वतःच हृदयाची लय तपासली, तुम्ही सर्वांना मागे सारलेत, शॉक दिलात आणि पुन्हा दाबू लागलात. काही वेळाने तिने तुमचा हात दूर लोटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तुम्ही थांबलात. रुग्णवाहिका त्यानंतर आली. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. मोडलेल्या तीन बरगड्या अजून दुखतात, विशेषतः खोकताना.

आमच्या संकुलात यंत्र आता आले आहे आणि मागच्या रविवारी पंचवीस जणांनी बाहुलीवर सराव केला. मी दोन मिनिटांत दमलो.

तुमचे ते वाक्य मी हिला परवा सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘माफी कसली मागायची त्यात? त्याला एकदा जेवायला बोलवा. आणि ब्लाऊज नवा होता, एवढे मात्र कळवा.’

त्याप्रमाणे कळवीत आहे. कोणत्याही रविवारी यावे.

आपला ऋणी,
कुंपणाअलीकडचे काका