फी परवडत नाही म्हणून मुलांना घरी शिकवायला घेऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या फीवाढीवर सध्या आपल्या पेपरात पालकांची पत्रं येतायत आणि त्यातल्या काहींनी सल्ला दिलाय की एवढी फी भरण्यापेक्षा सरळ होमस्कूलिंग करा, यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं. मी ऐरोलीला राहते, मला तीन मुलं आहेत, मोठी तेराची, मधला दहाचा, धाकटी सहाची, आणि तिघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. म्हणून अगदी मनापासून सांगावंसं वाटतं की पैसे वाचतील या हिशोबाने कोणी हे करू नका.

पैसे वाचतच नाहीत मुळात. एक पूर्ण माणूस घरी लागतं, दिवसभर, आणि त्या माणसाचा पगार जातो. मी महापेला अकाउंट्सला होते, माझा पगार तिघांच्या फीपेक्षा जास्त होता. आम्ही नवराबायकोने ठरवून हे केलं कारण आम्हाला मुलांना असंच वाढवायचं होतं, त्याची किंमत मोजायची तयारी होती. फीचा प्रश्न असेल तर त्याचे रस्ते वेगळे आहेत. २०११ चा फी नियमन कायदा आहे, शाळेला फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, तिथे नाव द्या, कागद मागा. आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली, खासगी शाळांत पहिल्या प्रवेशाला दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा आहेत. आणि महापालिकेच्या शाळांकडे एकदा जाऊन तरी बघा, सीवूड्स आणि कोपरखैरणेला तर महापालिकेच्या सीबीएसई शाळा आहेत.

आता दिवस कसा जातो ते सांगते, कारण बाहेरून लोकांना वाटतं की टेबलवर तीन मुलं बसवली की झालं. तसं नसतं हो. सकाळी पाणी भरणं, ह्यांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, हे सगळं आटपून साडेआठच्या सुमाराला आम्ही बसतो, आणि बसल्याबसल्या तिघांना मी एकदमच हवी असते, धाकटीचं जोडाक्षर अडलेलं, मधल्याचा भागाकार अडलेला, मोठीला तिने लिहिलेलं आत्ताच्या आत्ता वाचून दाखवायचं, त्यात कुकरची शिट्टी आणि खाली भाजीवाला. एकाला न्याय दिला की दोघांवर अन्याय. यावर आमच्याकडे एक पाटी आहे, फ्रिजच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. ज्याचं अडलंय त्याने पाटीवर नाव लिहायचं आणि जे येतं ते पुढे करत राहायचं, मी नंबराने येते, आणि आले की दुसऱ्या कोणी मधे बोलायचं नाही. धाकटी सुरुवातीला स्वतःचं नाव तीनतीनदा लिहून ठेवायची म्हणजे लवकर नंबर लागेल. पण यातून झालं काय, की बऱ्याचदा माझा नंबर येईपर्यंत त्यांचं त्यांनाच सुटलेलं असतं आणि पाटीवरचं नाव पुसलेलं असतं. मुलांना थांबता येणं आणि अडल्यावर स्वतः थोडं झटणं, हे मला कुठल्याही धड्यापेक्षा मोठं वाटतं.

अभ्यास असा बसून जेमतेम अकरापर्यंत. पुस्तकं बालभारतीची, पीडीएफ फुकट मिळतात, शिवाय एनसीईआरटीची. बाकीचं शिक्षण घरातच आणि घराबाहेर होतं आणि तिथेच तीन मुलं असण्याची खरी मजा आहे, कारण एकच गोष्ट तिघं आपापल्या उंचीवरून घेतात.

उदाहरण सांगते. आमच्याकडे ऐरोलीला खाडी जवळच, फ्लेमिंगो बघायला आम्ही दर हिवाळ्यात जातो. २०१५ पासून तिथे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण पक्षी चिखलावर कधी उतरतील ते भरती-ओहोटीवर ठरतं. सासूबाई अलिबागकडच्या, त्यांनी मुलांना त्यांच्याकडचा हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. झालं, धाकटी रोज कॅलेंडरवरची तिथी वाचायला लागली, मधल्याला पाऊणकी आपोआप पाठ झाली, जी पुस्तकातल्या तीन छेद चारने कधी झाली नसती. आणि मोठी एक दिवस म्हणाली, आजी, पौर्णिमेला तर भरती बाराच्या आसपास असते मग पंधराची पाऊणपट सव्वाअकराच कशी येते, पाऊण तास गेला कुठे? त्यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा. शेवटी तिनेच काढलं की पंधरा तिथ्यांत बारा तास सरकायचे तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं हवीत, पाऊणपटीत पंचेचाळीसच मिळतात, तीन मिनिटं रोज कमी पडतात ती पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतात. सासूबाईंना इतका आनंद झाला, त्या म्हणाल्या आमच्याकडे कोणी एवढं बघितलंच नव्हतं, तोंडी हिशोबाला पाऊणकी सोपी म्हणून तीच चालत आली. मधला अजून वेगळंच घेऊन बसलाय, की ऐरोलीला खाडीत इतक्या आत पाणी चढायला मुंबईपेक्षा किती उशीर होतो, त्याची वही आहे.

हे सगळं छान आहे पण याला वेळ लागतो, घाईत असलेल्या घरात हे होत नाही, म्हणून वरचं सगळं लिहिलं.

अजून एक, ज्यांना दोन-तीन मुलं आहेत त्यांच्यासाठी. मोठ्या मुलीला घरातली दुसरी आई करू नका. हे नकळत होतं, लोकही कौतुक करतात, किती सांभाळते भावंडांना. आमच्याकडे मोठीचे दुपारचे दोन तास तिचे एकटीचे, दार लोटून, तेव्हा धाकटी रडली तरी मी बघायचं किंवा सासूबाईंनी. धाकटीला वाचून दाखवायचं तर तिच्या मर्जीने. घरकाम मात्र तिघांना सारखं, मुलगा कपडे वाळत घालतो, डाळतांदूळ धुतो, आणि हे संध्याकाळी आले की विज्ञान आणि इंग्रजी त्यांच्याकडे, दमलेले असले तरी. नवरा यात नसेल तर एकट्या बाईने हे अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, वर्षभरात ती बाई आजारी पडेल.

कायद्याचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय पण न घातल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही, आणि होमस्कूलिंगला वेगळी मान्यताही लिहिलेली नाही. म्हणजे आम्ही अधांतरी आहोत, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. दहावीला मात्र रस्ता पक्का आहे, एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, चौदा वर्षं पूर्ण लागतात, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत जमेल तसे विषय सोडवता येतात. राज्य बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म भरूनही बाहेरून बसता येतं.

पण दहावीच्या आधीची जी वर्षं आहेत तिथे मुलं कुठेच मोजली जात नाहीत. स्कॉलरशिपचा फॉर्म शाळेमार्फत, चित्रकलेच्या स्पर्धा आंतरशालेय, एका ठिकाणी वाचनालयाच्या बालविभागात नाव घालायला गेलो तर शाळेचं बोनाफाईड आणा म्हणाले, आधारकार्ड दाखवलं, लाइटबिल दाखवलं, तरी नाहीच. मुलगी पुस्तकाच्या कपाटासमोर उभी आणि आम्ही काउंटरवर कागद दाखवतोय. शेवटी माझ्या नावावर घेतलं, एका कार्डावर दोन पुस्तकं, वाचणारी मुलं तीन. आणि हे फक्त आमचं नाही, ज्यांची शाळा आजारपणाने सुटलीय, जे आईबापाबरोबर कामाच्या जागा बदलत फिरतात, त्या मुलांनाही हीच खिडकी बंद होते आणि त्यांच्यासाठी भांडायला बऱ्याचदा कोणी नसतं.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना आपल्या पेपरमार्फत विनंती आहे. बालवाचनालयाच्या, पोहण्याच्या तलावाच्या, महापालिकेच्या चित्र-निबंध स्पर्धांच्या फॉर्मवर शाळेच्या नावाचा रकाना ऐच्छिक करा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा पुरेसा माना. आणि अभ्यासिकांमध्ये सकाळच्या वेळी, जिथे जागा रिकाम्या असतात तिथे, लहान मुलांना मोठ्या माणसाबरोबर बसू द्या, एक टेबल दिलं तरी चालेल. याला वेगळा निधी लागत नाही, एक परिपत्रक काढलं की होईल. नवीन शैक्षणिक वर्षाचे फॉर्म छापायच्या आधी हे झालं तर फार बरं होईल.

आपली विश्वासू,
एक आई, ऐरोली